तळ्याकाठचे चतुर आणि टाचण्या

तळ्याच्या काठी भिरभिरणारा चतुर कोणी पाहिला नाही? त्याच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडविण्याचा उद्योगही पुष्कळांनी लहानपणी केला असेल. शेपटी म्हणतात खरी, पण ते त्याचे पोट होय. हृदय व आतडे त्यातच असते. मुले हा खेळ खेळताना दिसली तर एवढे त्यांना अवश्य सांगावे.

आपण सरसकट ज्यांना चतुर म्हणतो त्यांत दोन जाती मिसळलेल्या असतात. चतुर अंगाने भरदार, त्याचे डोळे बहुधा डोक्यावर एकमेकांस भिडलेले, आणि बसला तरी चारही पंख आडवे पसरलेले. टाचणी नावाप्रमाणेच बारीक. तिचे डोळे दोन टोकांना दूर दूर, आणि बसताना ती पंख पाठीवर मिटून घेते. काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात, तेव्हा डोळ्यांची खूण अधिक भरवशाची.

पाहावयास जाण्याची उत्तम वेळ म्हणजे पावसाळा सरता सरता, ऊन चांगले तापल्यावर. आपल्या सुरतेत डुमसच्या बाजूला गवियरचे तळे आहे. पक्ष्यांसाठी तेथे जाणाऱ्यांनी दुर्बीण थोडी खाली, काठच्या गवताकडे वळवावी. चतुराच्या मागे धावू नये. तो उडाला तरी बहुधा त्याच काडीवर परत येतो. आपण फक्त स्तब्ध उभे राहावे. लालभडक दिसतो तो एका जातीचा नर. त्याची मादी पिवळसर असते. काळ्या पट्ट्यांचा हिरवट चतुर भारी दांडगा, आपल्याच भाईबंदांना धरून खातो. नारिंगी पंखांचा एक लहान चतुर तर सांडपाणी मिसळलेल्या डबक्यावरही सुखाने नांदतो. म्हणून चतुर दिसले म्हणजे पाणी स्वच्छच, असे समजू नये. किती प्रकारचे दिसतात ते पाहावे.

खरी नवलाई मात्र पाण्याखाली आहे. मादी पाण्याला टोक लावीत अंडी टाकते (चकचकीत मोटारीच्या टपाला पाणी समजून तेथेही टाकते!). अंड्यातून निघालेले पिल्लू पाण्यातच वाढते. त्याचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. भक्ष्य जवळ येताच तो झटकन पुढे फेकून ते पकडते. चतुराचे पिल्लू गुदद्वारावाटे पाणी आत घेऊन श्वास घेते, आणि संकट आले की तेच पाणी जोराने सोडून पुढे सुटते. टाचणीच्या पिल्लाला मागे पानासारखे तीन कल्ले असतात. डासांच्या अळ्या ही दोघांची आवडती मेजवानी.

तथापि येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. डेंग्यूचा डास घरातील कूलर, कुंड्या, टाक्या यांत अंडी घालतो. तेथे चतुर येत नाही. ते पाणी आपणच ओतून टाकावयाचे आहे. उलट तळ्यात डास मारण्यासाठी तेल वा विषारी औषध ओतले, तर अळ्यांबरोबर त्यांना खाणारेही मरतात, आणि डास चतुरापेक्षा फार लवकर पुन्हा वाढतात. दुसरे संकट दगडी काठाचे. मलिक गोपीने सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधविलेल्या गोपी तळ्यासारखी बांधीव तळी शहराचे भूषण खरीच. पण पिल्लाला पंख फुटावयाच्या वेळी पाण्याबाहेर चढून यावयास लव्हाळा किंवा गवताची काडी लागते. नव्या तळ्याच्या चारही बाजू सिमेंटने बंद करण्यापेक्षा एक बाजू मातीची व गवताची राखली तर खर्चही वाचेल.

पावसाळ्यात मैदानावर थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर चतुर हा मोठा प्रवासी. चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञाने मालदीव बेटांवर त्याचे थवे वर्षानुवर्षे ऑक्टोबरच्या सुमारास उतरताना पाहिले, आणि हे कीटक भारतातून निघून समुद्रावरून आफ्रिकेकडे जात असावेत, असे २००९ साली मांडले. त्याचे पिल्लू साधारण दीड-दोन महिन्यांतच पूर्ण वाढते, म्हणून पावसाने साचलेले डबकेही त्याला पुरते.

मुलांना घेऊन जाल तेव्हा काठच्या काड्या नीट न्याहाळा. पाण्याच्या वर वीतभर उंचीवर, पाठीवर चीर पडलेली एखादी वाळकी तपकिरी कात चिकटलेली सापडेल. ती खुशाल घरी न्यावी; तिचा मालक केव्हाच उडून गेलेला असतो.