अकरा महिन्यांचा करार: नोटरीवर भागत नाही

मराठवाड्यातल्या पाटोद्यात बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, शिकायला आलेली मुलं यांना पलंग-कपाटासकट खोली महिन्याच्या भाड्याने हवी असते. व्यवहार तोंडी होतो, फार तर 500 रुपयांच्या बाँडवर नोटरी केली जाते. ‘अकरा महिन्यांचं आहे, नोंदणी कशाला?’ असं दोन्ही बाजू म्हणतात.

या समजाचं मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला तिथे सहसा सक्ती नाही. पण 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 मुदत बघत नाही. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. जबाबदारी घरमालकाची; चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठा धोका पुढे आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडं किती, अटी कोणत्या, याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं.

हा कायदा अनुसूचीतल्या गावांना आणि जिथे जुने भाडे कायदे चालत होते त्या भागांना लागू आहे. मराठवाड्यात 1954 चा हैदराबादचा कायदा होता. आपली वस्ती त्यात येते का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारावं. येत नसली तरी नोंदणी करावी, असं मी आग्रहानं सांगेन.

कारण खर्च लोक समजतात तेवढा नाही. महिना 4000 भाडं, 10,000 अनामत, अकरा महिने: लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवान्याचा करार केला, तर मुद्रांक शुल्काचा 0.25 टक्क्यानं हिशेब सव्वाशेच्या आत येतो. वर नोंदणी फी. आधारवर घरबसल्या ऑनलाइन नोंदणीही होते.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली म्हणजे करार झाला, असंही नाही. ती वेगळी गोष्ट आहे. सामान दिलं म्हणून खोली कायद्याबाहेर जात नाही. पलंग, पंखा, गिझर यांची स्थितीसह यादी कराराला जोडली, तर अनामतीतून काय कापायचं यावरून भांडण होत नाही.

भाडं थकलं म्हणून भाडेकरूची वीज-पाणी तोडता येत नाही. याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 ते रोखतं. लिव्ह अँड लायसन्सवर राहायला दिलेल्या खोलीची मुदत संपूनही राहणाऱ्यानं खोली सोडली नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि तोवर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दरानं भरपाई.