कांद्याच्या रंगाचा पिलाऊ

झांझिबार, मोंबासा, लामू. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली किनाऱ्यावरच्या या गावांत लग्न असो वा ईद, पातेल्यात पिलाऊ शिजतो. मांस आणि तांदूळ एकाच भांड्यात. रंग गडद तपकिरी, पण त्यात ना हळद, ना केशर. तो रंग कांद्याचा, आणि रांधणाऱ्याची सगळी परीक्षा तिथेच.

गोमांस किंवा बोकडाचं मटण आलं-लसूण आणि मीठ घालून आधी शिजवतात, त्याचं पाणी राखून ठेवतात. मग सढळ तेलात उभा चिरलेला कांदा. सोनेरी झाला तरी थांबायचं नाही. बदामी रंगाच्याही पुढे, करपण्याच्या ऐन अलीकडे न्यायचा. तिथे पाण्याचा हबका मारला की रंग सुटतो. घाई केली तर भात फिका, रेंगाळलं तर कडू. नंतर जिरे, मिरी, वेलची, दालचिनी, लवंग; काही अख्खी, काही कुटून. जिऱ्याला हात मोकळा, लवंगेला आवरता. मग मांस, तांदूळ आणि राखलेलं पाणी. कुणी नारळाचं दूध घालतं, कुणी बटाटे. टोमॅटोवरून मात्र मतभेद आहेत. त्याचा आंबटपणा लवंगेला दाबतो, हे विरोधकांचं म्हणणं पटण्याजोगं आहे.

पाणी आटत आलं की खालचे निखारे ओढून घेतात आणि काही झाकणावर ठेवतात.

प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये या किनाऱ्यावर आला, तेव्हा मोगादिशूत त्याला तुपातला भात वाढला गेला. कालवण वेगळं होतं. म्हणजे भात जुना. मिरी, वेलची, दालचिनी हा माल मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांचा.

लवंग तशी उशिरा आली. मूळची मोलुक्का बेटांवरची, ती झांझिबारात रुजली एकोणिसाव्या शतकात. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने तिथे राजधानी हलवली आणि मळे वाढवले. त्यांत राबले ते गुलाम. पिलाऊच्या सुवासाबद्दल लिहिताना हे बहुतेक जण वगळतात. १८७२ च्या वादळात झांझिबारचं मुख्य बेट उंगुजा इथले मळे आडवे झाले, शेजारचं पेंबा बेट बरंचसं वाचलं, आणि लवंगेची लागवड तिकडे सरकली. गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला, गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली ती १८९७ मध्ये.

या लवंगेचं एक मोठं गिऱ्हाईक होतं मुंबई. १९३७ मध्ये ब्रिटिश अमलाखालच्या झांझिबारने निर्यातीची मक्तेदारी एका संघाच्या हाती दिली. तिथले भारतीय व्यापारी खवळले, काँग्रेसने झांझिबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला. १९३८ मध्ये तडजोड झाली.

पिलाऊ आता किनाऱ्यापुरता राहिलेला नाही. केनिया-टांझानियाच्या आतल्या भागात तो नाताळलाही शिजतो, नैरोबीच्या दुकानांत त्याचा तयार मसाला पाकिटात मिळतो. सोबत कांदा-टोमॅटोची कचुंबर. तिचं तिथलं नावही कचुंबरीच. टांझानियात शेजारी एखादं पिकलेलं केळंही असतं. तळाची खरवड खरवडून खातात, टाकत नाहीत.