हजेरीपट कोणाच्या हाती?

कामाचे तास किती असावेत, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ते तास कोणी लिहावेत, कोणाच्या वहीत लिहावेत आणि वेळ पडल्यास ती वही कोणापुढे उघडली जावी, यावर मात्र फारसे लिहिले जात नाही. कारकुनी बाब म्हणून आपण ती सोडून देतो. पण कामगाराचे कामगार म्हणून अस्तित्वच या कारकुनी बाबीवर उभे असते. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याने कितीही घाम गाळला तरी कागदाच्या लेखी तो कारखान्यात आलेलाच नसतो.

दलित समाजापुरती या प्रश्नाला एक जुनी बाजू आहे. महार वतनात काम होते, हजेरी नव्हती. सरकारी टपाल पोचवणे, गावात आलेल्या अंमलदाराच्या पुढेमागे राबणे, मेलेली जनावरे ओढणे. बोलावणे केव्हा येईल याचा नेम नसे. कर्ता माणूस घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कोणाला जावे लागे. चोवीस तास बांधलेल्या माणसाचे तास मोजायचे कोणी आणि कशासाठी? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कामाला सीमा नाही आणि मोबदल्याला हिशेब नाही, हेच त्यांचे मुख्य दुखणे होते. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले आणि ही वतने नाहीशी करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

गाव सोडून मुंबईला आलेल्या माणसाला गिरणीचा भोंगा कसा वाटला असेल, याचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. भोंगा निर्दय होता; पण सुटीचाही एक भोंगा असे. दिवसाला शेवट आहे, हे तो सांगत होता. तो शेवट कोठे असावा, यासाठी पुढची साठ वर्षे झगडा चालला. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा आणि सूर्यास्ताला काम बंद, अशा त्यातल्या मागण्या होत्या. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरला. आठवड्याची मर्यादा १९२२ साली ६० तास, १९३४ साली ५४ तास आणि १९४६ साली ४८ तास झाली. ही शेवटची दुरुस्ती मांडणारे मजूरमंत्री डॉ. आंबेडकर होते.

तास कमी झाले. वही मात्र मालकाकडेच राहिली. गिरणीत ती मुकादमाच्या हातातून जाई. दाराशी उभ्या असलेल्या माणसांपैकी आज कोणाला आत घ्यायचे, हे तो ठरवी. त्याची मर्जी, त्याला चारलेले पैसे, त्याची जात, या साऱ्यांचा हजेरीशी संबंध असे. अस्पृश्यांना तर विणकाम खात्याचे दारच बंद होते. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागते, त्याला यांचा स्पर्श कसा चालेल, हे त्याचे कारण. जास्त मजुरी नेमकी त्याच खात्यात होती! मुकादमाचा हात आखडावा म्हणून १९३५ साली मुंबईत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आली. पण बदली तो बदलीच राहिला. १९८२ च्या संपातही बदली कामगारांना कायम करा, ही एक मागणी होती.

आता हजेरीचे खरे मोल पाहू. औद्योगिक विवाद कायद्याने १२ महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा वर्षभराची सलग मानली. अशा कामगाराला नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाची भरपाई दिल्याशिवाय कमी करता येत नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या २४० दिवसांत पगारी रविवार आणि सुट्याही धरल्या पाहिजेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या श्रमसंहिता आल्या. सलग सेवेसाठी २४० दिवसांची अट त्यांतही राहिली. कारखान्यातल्या भरपगारी वार्षिक रजेसाठी ती १८० दिवसांवर आली.

म्हणजे २४० हा केवळ आकडा नाही, ती एक वेस आहे. वेशीच्या आत कोणाला येऊ द्यायचे नाही, याची विद्या आपल्या समाजाला नवी नाही. सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ देणे, कंत्राटदाराचे नाव बदलून त्याच माणसाला नव्याने घेणे, तपासनिसासाठी एक मस्टर आणि पगारासाठी दुसरे ठेवणे, जादा तास हजेरीत न दाखवता वरच्या वर चिठ्ठीवर भागवणे, या तिच्या आजच्या रीती. दहा मिनिटे उशीर झाला की अर्धा दिवस कापणे, ही आणखी एक. वास्तविक गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच असावी, हे १९३६ च्या कायद्यापासून चालत आलेले तत्त्व आहे.

माझे वडील एका औद्योगिक वसाहतीत अकरा वर्षे कंत्राटी कामगार होते. एका सकाळी पहारेकऱ्याने त्यांना दारातच थांबवले. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा पहिला प्रश्न आला : २४० दिवसांचा पुरावा काय? पुरावा कारखान्याच्या कपाटात होता. आमच्याकडे होती ती भिंतीवरची जुनी दिनदर्शिका. आई चौथी शिकलेली. डबा केव्हा करायचा हे कळावे म्हणून ती रोजच्या चौकटीत पाळीचे अक्षर लिही : स, दु, रा. दुधाच्या हिशेबाशेजारी वडिलांची अकरा वर्षे लिहिलेली होती. वकील म्हणाले, यावर कंपनीची सही कुठे आहे? शेवटी थोड्या रकमेवर तडजोड झाली.

वकिलांचे म्हणणे निराधार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या एका निकालात २४० दिवस सिद्ध करण्याचा भार कामगारावर टाकला आणि नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही असे म्हटले. २००५ च्या निकालात मात्र वाट थोडी मोकळी झाली : कामगाराने स्वतः साक्ष द्यावी आणि मालकाला मस्टर, वेतनपट हजर करण्यास सांगावे. ही वाट आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असली पाहिजे.

आज अनेक ठिकाणी वहीची जागा अंगठ्याच्या यंत्राने घेतली आहे. यंत्र जात पाहत नाही, असे सांगतात. पण सिमेंट, रसायने आणि लोखंड हाताळून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याला ते यंत्र अनेकदा ओळखत नाही. जो जास्त राबला त्याचीच हजेरी लागत नाही! आणि यंत्रातली नोंद कोणाच्या ताब्यात? उत्तर जुनेच आहे.

म्हणून दुसरी वही हवी, आणि ती कामगाराची हवी. तारीख, पाळी, आत गेल्याची व बाहेर पडल्याची वेळ, जादा तास, खाते, त्या दिवशीचा सुपरवायझर. रोज एक ओळ. सोबत काम करणाऱ्या दोघांच्या सह्या आठवड्याला घ्याव्यात. गेटपास, पगाराची चिठ्ठी, बँकेतली जमा, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, विमा कार्ड जपून ठेवावे. नव्या संहितेप्रमाणे नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. ते लेखी मागावे. एकट्याची वही हा दुबळा पुरावा असेल. वीस जणांच्या वह्या एकमेकींशी जुळल्या तर त्या सहज झटकता येणार नाहीत.

मी काही वर्षे महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले. महिनाअखेर झालेल्या तासांचे बिल मी स्वतः लिहून देत असे. मोबदला तुटपुंजा होता आणि उशिरा मिळे. पण माझे तास माझ्या अक्षरात असत. वडिलांना अकरा वर्षांत ते एकदाही शक्य झाले नाही. आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी संध्याकाळची दहा मिनिटे शेजारच्या कामगाराच्या वहीसाठी दिली, तर आईच्या दिनदर्शिकेत जे कमी पडले ते भरून निघेल.