एकाच गुलाबी रंगातील निरनिराळे तंतू

तोंड पूर्वीसारखे उघडत नाही, तिखट सोसत नाही, भाकरीचा घास नीट घेता येत नाही, ही तक्रार सुपारी, मावा अथवा गुटखा खाणाऱ्यांकडून परळी वैजनाथसह मराठवाड्यात सर्वत्र ऐकावयास मिळते. या विकारास ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ असे नाव आहे. गालाच्या आतील नाजूक अस्तराखाली तंतू साचत जातात व गाल ताठर होतो. अशा वेळी डॉक्टर गालातील लहानसा तुकडा तपासणीस पाठवितात. त्याच्या अहवालास काही दिवस का लागतात आणि त्यात कधीकधी ‘विशेष रंजन’ असा उल्लेख का असतो, हे रुग्णांच्या नातेवाइकांना व हितचिंतकांना समजावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

अवयवांना आधार देणाऱ्या व एकमेकांशी जोडणाऱ्या ऊतीस संयोजी ऊती म्हणतात. तीत मुख्यतः तीन प्रकारचे तंतू असतात. कोलॅजेनचे तंतू दोरखंडासारखे बळकट असतात. लवचिक तंतू ताणले तरी पूर्ववत होतात. जालतंतू हे यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांतील पेशींना सावरणारी नाजूक जाळी विणतात.

तपासणीसाठी घेतलेला तुकडा प्रथम फॉर्मालिनमध्ये टिकविला जातो, त्यातील पाणी काढून तो मेणात बसविला जातो आणि मग त्याचे सुमारे ४ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घेतले जातात. हा काप जवळजवळ पारदर्शक असतो. रंगविल्याशिवाय त्यात काही उमगत नाही. नेहमीच्या पद्धतीत हिमॅटॉक्सिलीन व इओसिन हे दोन रंग वापरतात. पेशींची केंद्रके निळसर-जांभळी होतात व उर्वरित भाग गुलाबी. येथेच अडचण उद्भवते. कोलॅजेन गुलाबी आणि स्नायूही गुलाबी!

सुती व रेशमी धागा एकाच हौदात बुडविला तरी दोन्ही रंग सारखा धरत नाहीत, हे रंगाऱ्यास ठाऊक असते. विशेष रंजनाचे तत्त्व असेच आहे. १८८९ मध्ये व्हॅन गीसन यांनी दोन रंगांचे मिश्रण योजिले. त्यातील पिक्रिक आम्लाचे लहान रेणू घट्ट विणीच्या स्नायूत शिरून तो पिवळा करतात, तर दुसऱ्या रंगाचे मोठे रेणू सैल विणीच्या कोलॅजेनमध्ये बसून ते लाल करतात. पियरे मासों यांच्या १९२९ च्या त्रिरंगी पद्धतीत स्नायू लाल व कोलॅजेन निळे अथवा हिरवे दिसते. व्हेरहॉफ यांच्या १९०८ च्या पद्धतीने लवचिक तंतू काळे होतात. जालतंतूंवर चांदीच्या क्षाराची क्रिया केली की त्यांची जाळी काळ्या रेषांनी उमटते.

याचा रुग्णास उपयोग कोणता? सबम्यूकस फायब्रोसिसचे भारतातील वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९६६ मध्ये मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट व डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांनी सूक्ष्मदर्शकाखालील बदलांनुसार त्याच्या चार अवस्था सांगितल्या. आरंभी तंतू बारीक व विखुरलेले असतात. पुढे ते जाड होऊन एकजीव होतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्रिरंगी पद्धतीत निळा पट्टा लाल स्नायूपर्यंत पोहोचला आहे काय, हे स्पष्ट दिसते. मात्र कर्करोगाची चाहूल अस्तराच्या पेशींतच शोधावी लागते. त्यासाठी नेहमीचे रंजन अनिवार्यच आहे. यकृतातील घट्ट व्रण किंवा अस्थिमज्जेतील वाढते जाळे यांचे प्रमाण ठरवितानाही हीच रंजने साहाय्यभूत होतात.

या कामास अतिशय महागडे यंत्र लागत नाही. ताजी द्रावणे व सरावलेला हात लागतो. व्हेरहॉफ पद्धतीत जादा रंग उतरविताना तंत्रज्ञास मधूनमधून सूक्ष्मदर्शकातून पाहून नेमक्या क्षणी थांबावे लागते. क्षणभर उशीर झाला तर लवचिक तंतूंचाही रंग निघून जातो. अहवालास लागणारा जादा दिवस अशा सावधगिरीचा असतो.

केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात या विकाराच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. तथापि या विकाराचे मूळ सुपारीत आहे, तंबाखू नसलेली सुपारीही निर्दोष नव्हे. एकदा घट्ट झालेले तंतू सहसा पूर्ववत होत नाहीत. म्हणून तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, तर विलंब न लावता तपासणी करून घ्यावी व सुपारी त्याच दिवशी सोडावी, ही सर्वांना नम्र विनंती.