संगणक अभ्यासक्रमातील प्रकल्पकार्य : शाहूपुरीच्या पेठेच्या संदर्भात एक विचार

शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून संगणकशास्त्राचे पदवी व पदव्युत्तर वर्ग चालतात. या वर्गांतील 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' हा विषय आणि विद्यार्थ्यांचा प्रकल्प यांचा संबंध प्रत्यक्षात कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ही संज्ञा रूढ झाली ती १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या नाटो परिषदेमुळे. पुढे १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी गरजांची नोंद, विश्लेषण, आराखडा, संकेतलेखन, चाचणी व वापर असे टप्पे मांडले. हीच आकृती 'वॉटरफॉल मॉडेल' म्हणून पाठ्यपुस्तकांत येते. वस्तुतः रॉइस यांनी हा शब्द वापरलेला नव्हता. टप्प्यांवरून सरळ खाली उतरत जाणे धोक्याचे असून नवी प्रणाली दोनदा बांधावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या उत्तरपत्रिकांत आकृती असते, हा इशारा क्वचितच असतो.

शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांच्या काळात वसलेली व्यापारी पेठ. गुळाच्या व्यापाराशी तिचे नाव जोडलेले आहे. गुळाच्या अडत्याचा हिशेब हा विषय एखाद्या विद्यार्थ्याने घेतला, असे समजू. शेतकरी, खरेदीदार, माल व बिल असे चार तक्ते तो वर्गात बसून तासाभरात आखेल. परंतु एकाच शेतकऱ्याचे रवे रंग व प्रत पाहून वेगवेगळ्या दराने जातात. पट्टी करताना हमाली, तोलाई वजा होते. आधी दिलेली उचल कधी पूर्ण, कधी अंशतः वळती केली जाते. किती वळती करायची, हे अडत्या माणूस आणि हंगाम पाहून ठरवतो. हा नियम कोणत्याही वहीत लिहिलेला नसतो व छापील प्रश्नावलीतूनही हाती लागत नाही. त्यासाठी दुकानाच्या गादीशेजारी काही दिवस बसावे लागते.

प्रत्यक्षात बरेचदा उलटे घडते. आज्ञावली आधी तयार होते (काही वेळा ती तयारच मिळते) आणि गरजांचा दस्तऐवज अहवाल बांधणीला देण्यापूर्वी लिहिला जातो. यात विद्यार्थ्यालाच दोष देणे योग्य नाही. गुण अहवालाला असतील, तर तो अहवालच लिहिणार. २००१ मध्ये अमेरिकेतील स्नोबर्ड येथे सतरा जणांनी 'अजाइल' जाहीरनामा मांडून चालणाऱ्या आज्ञावलीला व ग्राहकाच्या सहभागाला अग्रक्रम दिला. आपल्या उद्यमनगरातील फाउंड्रीवाल्यास हे नवे वाटू नये. पॅटर्नवरून ओतलेला पहिला नमुना ग्राहकाने तपासल्याखेरीज तो पुढचा माल ओतत नाही.

२०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने संकेतलेखन मिनिटांत करून देऊ लागली आहेत. उचलीची वळती कशी होते, हे मात्र त्यांना कोणीतरी सांगावेच लागते. म्हणून प्रकल्पाचे निम्मे गुण सत्राच्या मध्यास, दुकानदाराला दाखवलेल्या एखाद्या लहानशा चालत्या भागासाठी ठेवावेत. तो भाग पाहून दुकानदाराने काय बदलायला सांगितले, हा तोंडी परीक्षेतील पहिला प्रश्न असावा.