तालाचे दोन खेळ

श्रोतेहो, संगीत शिकणाऱ्या मुलाच्या हाती व्हिडिओ गेम दिसला की वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते. ‘याने का गाणे येणार?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण ‘गिटार हीरो’ आणि ‘रॉक बँड’ या दोन खेळांची तुलना करू. दोहोंची मूळ घडण एकाच कंपनीची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९५ साली स्थापन झालेली हार्मोनिक्स ही ती कंपनी होय. तरीही दोन खेळांचे स्वभाव भिन्न आहेत.

‘गिटार हीरो’ २००५ साली आला. खेळणाऱ्याच्या गळ्यात गिटारच्या आकाराचे एक साधन असते. त्यास तारा नाहीत. मानेवर पाच रंगांची पाच बटणे आणि उजव्या हातासाठी एक पट्टी असते. पडद्यावर रंगीत ठिपके पुढे सरकत येतात. ठिपका ठरलेल्या रेषेवर येताच डाव्या हाताने त्या रंगाचे बटण दाबावयाचे व त्याच क्षणी उजव्या हाताने पट्टी हलवावयाची. चूक झाली की गीतातील गिटारचा स्वर तेवढा लोपतो, बाकीची वाद्ये वाजत राहतात. या एका युक्तीत खेळाचे मर्म आहे. जे आजवर गाण्याच्या गर्दीत वेगळे ऐकू येत नव्हते, ते नाहीसे होताच कानास जाणवू लागते.

२००६ साली ‘गिटार हीरो’ हे नाव अॅक्टिव्हिजन कंपनीकडे गेले आणि हार्मोनिक्स एमटीव्हीच्या मालकीची झाली. पुढल्याच वर्षी हार्मोनिक्सने ‘रॉक बँड’ काढला. त्यात गिटारच्या जोडीस बास, ड्रम आणि मायक्रोफोन आले, आणि चौघे मिळून एक गीत सादर करू लागले. गाणाऱ्याचा सूर यंत्र मोजते. स्वर खालच्या सप्तकात लावा वा वरच्या, सूर तोच असला की पुरे. एखादा चुकून बाद झाला, तर साथीदार आपली साठविलेली शक्ती खर्चून त्यास परत आणू शकतो. ‘गिटार हीरो’नेही २००८ साली ड्रम व गायन स्वीकारले, परंतु त्याची मूळ वृत्ती एकट्याने बाजी मारण्याची. ‘रॉक बँड’ची वृत्ती चर्चमधील गायनवृंदाची: स्वतःचा आवाज सांभाळीत असता शेजाऱ्याचाही ऐकावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाच बटणे दाबून गिटार येत नाही, हे निर्विवाद आहे. तेथे बोटास तार नाही, स्वर निर्माण करण्याचे कष्ट नाहीत. ‘गिटार हीरो’ हातास लय देतो, स्वर देत नाही. ‘रॉक बँड’चे मायक्रोफोन व ड्रम मात्र खऱ्या कलेच्या अधिक निकट जातात. कारण सूर खरोखरच लावावा लागतो, आणि दोन हात व एक पाय यांचा मेळ खऱ्या ड्रमवरही तसाच लागतो. २०१० सालच्या ‘रॉक बँड ३’मध्ये तर दोन सप्तकांचा, पंचवीस पट्ट्यांचा कीबोर्ड होता. म्हणून शिकण्याच्या दृष्टीने मी ‘रॉक बँड’ला झुकते माप देईन. एकट्या मुलास लयीची गोडी लावावयाची असेल, तर ‘गिटार हीरो’ सोपा व पुरेसा आहे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. अॅक्टिव्हिजनने २००९ साली एकामागून एक इतके भाग काढले की लोक कंटाळले, आणि २०११ साली तिने तो विभागच बंद केला. २०१५ साली दोन्ही खेळ पुन्हा अवतरले. परंतु ‘गिटार हीरो लाइव्ह’ची बहुसंख्य गीते कंपनीच्या यंत्रावरून दूरस्थ पद्धतीने येत. ती सेवा डिसेंबर २०१८ मध्ये थांबली आणि खेळणाऱ्याजवळ तबकडीवरची ४२ गीते तेवढी उरली. ‘रॉक बँड ४’मध्ये विकत घेतलेले गीत आपल्याच यंत्रात साठविता येई, त्याची नवी गीते २०२४ च्या जानेवारीपर्यंत येत राहिली. तेव्हा जुनी साधने विकत घेण्यापूर्वी कोणते गीत आपल्यापाशी राहील आणि कोणते परक्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, याची चौकशी अवश्य करावी.

श्रोतेहो, मूल असा खेळ खेळत असेल, तर त्यास रागे भरू नये. खेळ संपल्यावर तेच गीत पडदा बंद करून ऐकावयास सांगावे आणि विचारावे, ‘यात बास कोठे आहे, सांग पाहू?’ त्याने तो ओळखला, तर खेळाने आपले काम केले असे समजावे. मग त्याच्या हाती खरे वाद्य देण्यास विलंब करू नये.