भाताचे खाचर आणि लेप्टोचा ताप

मृगाचा पाऊस स्थिरावला म्हणजे जयगडच्या आसपासच्या कातळसड्यांवरून धावणारे पाणी सखल भागातील खाचरांत उतरू लागते. तरवा लावणीस आलेला असतो, बैलजोडी अगर पॉवर टिलर चिखलणीस लागतो आणि घरातील सर्व कर्ती माणसे पहाटेपासून सायंकाळपर्यंत गुडघाभर चिखलात उभी असतात. वर्षाचे धान्य ज्या थोड्या दिवसांच्या कष्टांवर अवलंबून असते, ते हेच दिवस होत. याच सुमारास एखाद्या घरातील धडधाकट माणूस अंग मोडून आल्याची तक्रार करतो. लावणीचा शीण म्हणून तो तापाकडे दुर्लक्ष करतो, दोन दिवस काढा घेतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा शेतात उतरतो. असा प्रत्येक ताप गंभीर असतोच असे नाही. परंतु त्यांतील काही ताप लेप्टोस्पायरोसिसचे असतात, आणि तेथे वाया गेलेले दोन-तीन दिवस कित्येकदा जिवावर बेततात.

कोकणपट्टीत पावसाळ्यात व भातकापणीच्या सुमारास या रोगाचे रुग्ण आढळतात. सन २००५ च्या जुलै महिन्यात मुंबईत आलेल्या महापुरानंतर या रोगाची मोठी साथ उद्भवली होती, त्यामुळे ‘लेप्टो’ हे नाव शहरांतही परिचयाचे झाले. तथापि हा रोग मूलतः ओलाव्यात काम करणाऱ्यांचा आहे. भातशेतकरी, मजूर, गुराखी व गटारे साफ करणारे कामगार यांना त्याचा धोका अधिक असतो. सन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार जगात दरवर्षी सुमारे दहा लाख लोकांना हा रोग होतो व सुमारे ५९ हजार लोक त्यास बळी पडतात. त्यांत २० ते ४९ वर्षे वयाच्या पुरुषांचा, म्हणजे कुटुंबाच्या पोशिंद्यांचा, भरणा मोठा आहे.

रोगजंतूचा शोध

जर्मन वैद्य ॲडॉल्फ वाइल यांनी सन १८८६ मध्ये कावीळ, मूत्रपिंडाचा विकार व ताप एकत्र असणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. त्याचे कारण मात्र त्या वेळी उमगले नव्हते. सन १९०७ मध्ये अमेरिकेतील स्टिमसन यांना पीतज्वराने दगावला असे समजल्या गेलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडात मळसूत्रासारखे बारीक जंतू दिसले. त्यांची टोके आकड्यासारखी वळलेली असल्यामुळे ते प्रश्नचिन्हाप्रमाणे भासत, म्हणून त्यांनी जंतूस ‘इंटरोगान्स’ असे नाव सुचविले. हा जंतूच रोगाचे कारण होय, हे सन १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा, इडो व त्यांचे सहकारी यांनी कोळसा खाणीतील मजुरांच्या रोगाचा अभ्यास करून सिद्ध केले. उंदीर हे या जंतूचे वसतिस्थान आहे, ही गोष्टही जपानी शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून पुढे आली.

आपल्या देशात अंदमान बेटांवर पूर्वी एक रक्तस्रावी ताप येत असे व त्याचे कारण कळत नसे. पोर्ट ब्लेअर येथील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या केंद्रातील संशोधनाने तो ताप लेप्टोस्पायरोसिसच होय असे दाखवून दिले.

जंतूचे जीवन

हा जंतू उंदीर, घूस, गाय, म्हैस, बैल, डुक्कर, कुत्रा अशा अनेक प्राण्यांच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांत वस्ती करतो. उंदराला त्यापासून सहसा कोणताही त्रास होत नाही. तो धडधाकट दिसतो, धान्य खातो, बांधात बिळे करतो आणि लघवीवाटे महिनोन्‌महिने जंतू बाहेर टाकत राहतो. ही लघवी कोरड्या, तापलेल्या जमिनीवर पडली तर जंतू लवकर मरतात. परंतु ती उबदार, ओलसर व फारशा आम्ल नसलेल्या चिखलात पडली तर ते कित्येक आठवडे, अनुकूल परिस्थितीत त्याहूनही अधिक काळ, जिवंत राहतात. पावसाळ्यातील भातखाचर हे म्हणूनच त्यांना मानवणारे ठिकाण ठरते.

शास्त्री नदी जयगडजवळ समुद्रास मिळते व खाडीकाठच्या जमिनीत भरतीचे खारे पाणी शिरते. लेप्टोचे जंतू खाऱ्या पाण्यात फार काळ टिकत नाहीत. यावरून खारजमिनीत काम करणारा सुरक्षित आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. खारजमिनीत भात तेव्हाच पिकते, जेव्हा पावसाच्या गोड्या पाण्याने वरच्या थरातील मीठ धुऊन जाते. म्हणजे भाताच्या रोपास जी स्थिती मानवते, तीच नेमकी जंतूसही मानवते.

अलीकडील संशोधन काय सांगते?

सन २००३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी इंटरोगान्स या जातीच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन पूर्ण केले. पुढे सन २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी गुरांत आढळणाऱ्या बोर्गपीटरसेनी या दुसऱ्या जातीच्या जनुकसंचाशी त्याची तुलना केली. या दुसऱ्या जातीने प्राण्याच्या शरीराबाहेर तग धरण्यास उपयोगी पडणारी कित्येक जनुके गमावलेली आढळली. त्यामुळे ती मुख्यतः एका जनावराकडून दुसऱ्या जनावराकडे प्रत्यक्ष संसर्गाने जाते. इंटरोगान्सने मात्र ही जनुके राखून ठेवली आहेत, आणि म्हणूनच ती पाण्यात व चिखलात दीर्घकाळ वाट पाहू शकते. हे जंतू एकमेकांस चिकटून चिकट थर तयार करतात व त्यायोगे प्रतिकूल परिस्थितीत टिकाव धरतात, असेही प्रयोगशाळेत आढळून आले आहे. गेल्या काही वर्षांत माती व पाणी तपासून या कुळातील ६० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांतील अनेक निरुपद्रवी आहेत.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या संशोधनाचा अर्थ सरळ आहे. रोगी उंदीर समोर दिसला पाहिजे असे नाही. तो येऊन गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनीही खाचरातील चिखल धोक्याचा असू शकतो.

शरीरात प्रवेश व लक्षणे

पायाची भेग, कोयत्याची अगर विळ्याची जखम, काट्याचा ओरखडा, पाण्यात दीर्घकाळ राहून मऊ पडलेली त्वचा, तसेच डोळे, नाक व तोंड यांची नाजूक त्वचा यांतून जंतू शरीरात शिरतो. बहुधा ५ ते १४ दिवसांनी, क्वचित महिन्याभरानेही, रोग प्रकट होतो. त्यामुळे लावणी आटोपल्यानंतर आलेल्या तापाचा खाचराशी संबंध आहे, हे पुष्कळदा ध्यानातच येत नाही.

प्रारंभी थंडी वाजून एकाएकी तीव्र ताप येतो, डोके दुखते व अंग ठणकते. पोटऱ्या व कंबर यांचे स्नायू विशेष दुखतात, पोटऱ्यांना हात लावला तरी वेदना होतात. डोळे लाल होतात, पण त्यांत पू किंवा चिपडे नसतात. अनेक रुग्ण एवढ्यावर बरे होतात. काहींच्या बाबतीत मात्र कावीळ होणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, थुंकीतून रक्त पडणे अशी चिन्हे दिसू लागतात. अशा वेळी यकृत, मूत्रपिंड व फुप्फुस यांवर आघात झालेला असतो व रुग्णास मोठ्या रुग्णालयात हलविणे अत्यावश्यक असते.

या रोगावर गुणकारी औषधे उपलब्ध आहेत. पेनिसिलिन, सेफ्ट्रायॅक्झोन, डॉक्सिसायक्लीन ही प्रतिजैविके लवकर सुरू केल्यास रोग आटोक्यात येतो. रक्ततपासणीविषयी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे. नेहमीच्या तपासणीत शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधली जातात व ती तयार होण्यास काही दिवस लागतात. म्हणून पहिल्या दिवसांतील तपासणीत रोग आढळला नाही, तरी तो नाहीच असे ठरत नाही. अशा वेळी डॉक्टर लक्षणांवरून व रुग्णाच्या कामावरून निदान करून उपचार सुरू करतात. याकरिता ‘मी गेल्या पंधरा दिवसांत भातलावणीस गेलो होतो, पायाला जखम आहे’ हे रुग्णाने न विचारता सांगणे हे औषधाइतकेच मोलाचे आहे.

प्रतिबंधक उपाय

(१) हातापायांवरील भेगा व जखमा असलेल्या माणसाने शक्यतो चिखलात उतरू नये. उतरणे अपरिहार्य असल्यास जखम जलरोधक पट्टीने झाकावी. गमबूट व रबरी हातमोजे वापरणे इष्ट होय. लावणीत गमबूट चिखलात रुततात ही अडचण खरी आहे. निदान बांध तासणे, नाले साफ करणे, गोठा धुणे या कामांत तरी ते अवश्य वापरावेत.

(२) काम संपल्यावर हातपाय स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन कोरडे करावेत. खाचरातील पाण्याने तोंड धुऊ नये व ते पाणी पिऊ नये. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

(३) गोठ्यातील मूत्र व सांडपाणी खाचरात अगर विहिरीकडे वाहू देऊ नये. त्यासाठी उताराची पक्की नाली व शोषखड्डा करावा. गाई-म्हशी गाभडत असतील अगर दूध एकाएकी घटले असेल, तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी करून घ्यावी. गाभडलेला गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये, खोल खड्ड्यात पुरावा.

(४) डॉक्सिसायक्लीनची प्रतिबंधक मात्रा आठवड्यातून एकदा देण्याचा प्रयोग अंदमानात करण्यात आला व त्याचे निष्कर्ष सन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. या मात्रेने संसर्ग टळला नाही, परंतु प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण घटले. ही मात्रा आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच घ्यावी. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना ती परस्पर देऊ नये.

उंदीर नियंत्रण : सर्व गावाचे काम

उंदीर हा भाताचा शत्रू आहेच. पीक पोटरीत आले म्हणजे तो फुटवे कुरतडतो व लोंब्या बिळात नेतो. कापणीच्या वेळी खाचरे ओलसर, उंदरांची संख्या सर्वांत मोठी आणि माणसाच्या हाती विळा अशी स्थिती असते. लावणीप्रमाणेच कापणीचाही काळ धोक्याचा ठरतो तो यामुळे.

रुंद बांधांत उंदरांना बिळे करण्यास वाव मिळतो. यासाठी बांध शक्य तितके अरुंद ठेवावेत, त्यांवरील गवत काढावे व उन्हाळ्यात बिळे खणून नष्ट करावीत. पावसाळ्यापूर्वी एकदा व पीक पोटरीत येण्यापूर्वी पुन्हा एकदा, सर्व शेतकऱ्यांनी एकाच वेळी मोहीम हाती घ्यावी. एकट्याने उंदीर मारले तर शेजारच्या खाचरातील उंदीर त्यांची जागा घेतात. सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत, सकाळी जी उघडी दिसतील तेवढ्याच बिळांत आमिष टाकावे. विषारी आमिषाची निवड व प्रमाण गावच्या कृषी कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने ठरवावे, आणि ते मुले व जनावरे यांच्या हाती लागणार नाही अशी दक्षता घ्यावी. मेलेले उंदीर हातमोजे घालून गोळा करावेत व खोल पुरावेत.

धामण व गव्हाणी घुबड हे उंदरांचे नैसर्गिक वैरी होत. धामण बिनविषारी असूनही भीतीपोटी मारली जाते, घुबड अशुभ म्हणून हाकलले जाते. या दोहोंस अभय देणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

खाचरात उतरल्यावाचून भात पिकत नाही, आणि चिखलाचे भय बाळगून शेती करता येत नाही. परंतु लावणीनंतर आलेला ताप अंगावर काढावयाचा नाही, एवढा निश्चय प्रत्येक घराने केला तरी पुष्कळ जीव वाचतील. राहिलेली लावणी शेजारी हात लावून पुरी करतात. कर्ते माणूस गेले तर ती उणीव कोणाच्या मदतीने भरून निघत नाही.